गिरणीच्या आवारातील ब्लॅक मेटल आणि ‘देशी’ समीक्षेचे कान

१

मराठी समीक्षेत ‘लोक’ हा शब्द जितक्या आदराने उच्चारला जातो तितक्याच ढिलेपणाने वापरला जातो. लोकसाहित्य, लोककला, लोकसंगीत, लोकतत्त्व यांपैकी एखादे पद लेखात आले की विवेचनाचा सूर आपोआप मृदू होतो आणि पुढील विश्लेषणाची निकडच उरलेली नाही असे मानले जाते. तोच शब्द ‘फोक मेटल’ या संगीतप्रकाराच्या नावात इंग्रजी वेषात समोर आला, की हीच समीक्षा दाराला कडी लावून घेते. लोअर परळमधील जुन्या गिरण्यांच्या आवारांत रात्री आठ-नऊच्या सुमारास काळे टी-शर्ट घातलेली तरुण मुले फोक आणि ब्लॅक मेटलच्या कार्यक्रमासाठी जमतात. दोन-तीन तास ती छातीच्या पिंजऱ्यात घुमणाऱ्या आवाजात उभी राहतात, रंगमंचासमोर वर्तुळ करून एकमेकांवर आदळतात, पडलेल्याला हात देऊन उठवतात आणि शेवटची लोकल गाठण्यासाठी पांगतात. या घटनेविषयी मराठी समीक्षेला काही म्हणावयाचे आहे काय?

म्हणावयाचे असलेच तर ते दोन ठरीव निर्णयांपैकी एक असते. पहिल्या निर्णयानुसार हा परकीय गोंगाट आहे. मुळे तुटलेल्या महानगरी मध्यमवर्गाने पश्चिमेकडून उसना आणलेला हा आक्रोश असून येथील जीवनाशी त्याचे नाते नाही. दुसरा निर्णय अलीकडचा आणि अधिक उत्साही आहे. त्यानुसार ही नव्या पिढीची लोककला होय. गिटारीशेजारी ढोल आला, पुराणातले नाव आले, तोंडाला काळापांढरा रंग लागला, म्हणजे आदिम ऊर्जा पुन्हा प्रकट झाली! पहिला पक्ष स्वतःस देशीवादी म्हणवितो, दुसरा संस्कृति-अभ्यासक. दोघे एकमेकांचे विरोधक आहेत अशी समजूत आहे. वस्तुतः दोघांची चूक एकच आहे. दोघेही कलाकृतीचे जन्मस्थान पाहून तिचे मूल्य ठरवितात. म्हणून हा कार्यक्रम ज्या जागेवर होतो ती जागा जो प्रश्न विचारते, तो दोघांनाही ऐकू येत नाही.

२

प्रथम परकीयतेचा आक्षेप. भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीवादाचा आधार या आक्षेपाला दिला जातो. परंतु नेमाड्यांच्या मांडणीत परकीय घटकांच्या देशीकरणाला जागा आहे; तिच्या नावाने बोलणाऱ्यांनी ती जागा बुजवून टाकली. त्यांच्या हाती देशीयता ही प्रक्रिया राहिली नाही, ती जन्मदाखला तपासण्याची खिडकी झाली. या खिडकीतून गिरगावचे संगीत नाटक तरी सुटले असते काय? पेटी युरोपातून आली. १९४० मध्ये आकाशवाणीने ती अभारतीय आणि आपल्या गानपद्धतीस अपुरी म्हणून वर्ज्य केली. त्या वेळी गिरगावातील नाटकमंडळ्यांत, कीर्तनांत आणि चाळीतल्या भजनांत ती इतकी मुरलेली होती, की ती परकी आहे असे कोणाच्या मनातही येत नव्हते. तिला देशी ठरविण्याचा ठराव कोणी केला नव्हता. वापराने ते काम केले होते.

अधिक बोलके उदाहरण लालबाग-परळमधील बेंजोचे आहे. गणपतीच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, गल्लीतल्या कार्यक्रमांत बेंजो पार्टी वाजते. तारांवर टंकयंत्रासारख्या कळा, त्याला जोडलेला विजेचा वर्धक, पुढे कर्णे आणि भोवती ढोल-ताशे. हे वाद्य बुलबुलतरंगाचे भावंड. बुलबुलतरंगाचे मूळ जपानी ‘ताइशोगोतो’त आहे आणि ते गोरो मोरिता यांनी नागोया येथे १९१२ मध्ये तयार केले. त्याचे नाव मात्र अमेरिकेतील बँजोवरून आले आणि तो बँजो गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तेथे घडविला. अशा रीतीने आफ्रिका, अमेरिका आणि जपान यांचा प्रवास करून आलेले, विजेवर चालणारे, मुद्दाम कर्कश केलेले हे वाद्य गिरणगावात परके वाटत नाही. बेंजो पार्टीला कोणी ‘फ्यूजन’ म्हणत नाही आणि लोकसंगीताच्या ग्रंथांतही तिला क्वचितच प्रवेश मिळतो. समीक्षेच्या दृष्टीने ती ‘लोक’ होण्याइतकी जुनी नाही आणि ‘आधुनिक’ होण्याइतकी प्रतिष्ठित नाही. ज्या समीक्षेला आपल्याच अंगणातील विद्युत्-लोकसंगीत पन्नास पावलांवरून ऐकू आले नाही, तिने गिरणीच्या आवारातील गिटारीचे गोत्र विचारावे, हा विनोद आहे.

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मानल्या. या वर्गीकरणाचे मर्म असे, की कोटी ठरविताना संगीताचे कार्य, त्याचा प्रसंग, गाणारा आणि ऐकणारा यांचे नाते हे विचारात घ्यावे लागते. या दृष्टीने मुंबईतील मेटल हे जनसंगीत आणि संगमसंगीत यांच्या सीमेवरचे संगीत आहे, लोकसंगीत नव्हे. असे म्हटल्याने त्याची किंमत वाढत नाही आणि कमीही होत नाही. त्याच्याविषयी बोलणे शक्य होते एवढेच.

३

दुसरा आक्षेप असा, की या संगीतात शब्द कळत नाहीत. ज्याचे शब्दच कळत नाहीत त्याचे साहित्यसमीक्षेने काय करावे? ब्लॅक मेटलमधील गायन ही किंकाळी आणि घोगरा श्वास यांच्यामधली उच्चारपद्धती आहे. तिच्याखाली ढोलकाचे आघात इतके जलद असतात, की ते स्वतंत्रपणे मोजता येत नाहीत, आणि गिटारीवर एकच सूर कंपवत ठेवून त्याची भिंत उभी केलेली असते. नॉर्वेतील डार्कथ्रोनसारख्या बँडनी १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणही हेतुतः कच्चे, खरखरीत ठेवले. येथे शब्दाचे आवाजात बुडणे हा दोष नसून रीती आहे. ती आवडावी असा आग्रह कोणी धरू नये. परंतु ‘शब्द कळत नाहीत म्हणून अर्थ नाही’ हे विधान साहित्याच्या अभ्यासकाने करावे, हे त्याच्या संहितानिष्ठेचे लक्षण आहे.

या संहितानिष्ठेने आपल्याकडील लोकसाहित्याचेही नुकसान केले आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, छापल्या गेल्या, त्यांचे विषयवार वर्गीकरण झाले. संकलकांचे हे ऋण मोठे आहे. परंतु छापील ओवीतून जाते वजा झाले. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने बांधलेली असते. दगडाची घरघर, दोघींच्या हातांचा जोर, मध्येच घातलेली मूठ, पहाटेचा दमलेला श्वास हे सारे ओवीच्या रचनेचे घटक आहेत. जाते थांबवून ओवी ऐकली तर ती सुबोध होते आणि अपुरी राहते. नमन-खेळ्यांच्या रात्री मृदंगाच्या आवाजात, गोंधळात संबळाच्या आवाजात शब्द असेच बुडतात आणि वर येतात. आपण वाचतो ते शब्द असतात. तेथे बसलेल्यांनी ऐकलेला असतो तो आवाज.

गिरणीच्या आवारातील श्रोता म्हणूनच समीक्षकाला काही शिकवू शकतो. तो शब्द ऐकण्यासाठी तेथे येत नाही. शब्द त्याला आधीच पाठ असतात, नाहीतर त्यांची त्याला गरज नसते. तो येतो ते अनेकांसमवेत एका आवाजात उभे राहण्यासाठी. अशा प्रसंगाला मराठीत नावही नाही. ‘मैफल’ म्हणावे तर बैठक आणि रसिकता मनात येते. ‘कॉन्सर्ट’ हा शब्द नुसता तिकिटावरचा. ‘जलसा’ हा शब्द जवळचा होता; पण सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी त्याला जो अर्थ मिळवून दिला तो या आवारात वापरण्याचा अधिकार आज तरी कोणाला मिळालेला नाही. तो का मिळालेला नाही, हाच खरा प्रश्न आहे.

४

तो प्रश्न उत्साही पक्ष विचारीत नाही. त्याची रीत साम्यशोधाची. ब्लॅक मेटलमधील काळापांढरा मुखलेप दिसला की त्याला कोकणातील संकासूर आठवतो. अंगावर वार करून घेणारा गायक पाहिला की पोतराज आठवतो. दिसण्यातील साम्य नोंदविले की सैद्धांतिक काम झाले, अशी ही समजूत. पोतराजाच्या हातातील कोरडा हा एका जातीवर परंपरेने लादलेला उपजीविकेचा आणि अवहेलनेचा भाग होता. ती प्रथा सोडून देणे हे मातंग समाजातील अनेकांच्या दृष्टीने माणूसपणाचे पाऊल होते. ज्यांनी ती सोडण्यासाठी किंमत मोजली त्यांच्या मागे राहिलेला कोरडा उचलून त्याला ‘आदिम ऊर्जा’ म्हणणे, यात लोकांविषयीचे प्रेम नाही. लोकांच्या इतिहासाविषयीची बेपर्वाई आहे.

‘मुळां’कडे जाण्याचे आकर्षण कोठवर नेऊ शकते हे ब्लॅक मेटलच्याच इतिहासात लिहिलेले आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने १९८२ मध्ये ‘ब्लॅक मेटल’ या नावाचा आल्बम काढला आणि या प्रकाराला नाव मिळाले. पुढे नॉर्वेत १९९०च्या दशकाच्या आरंभी मेहेम, बर्झम, एम्परर आदींनी त्याला आज ओळखले जाते ते रूप दिले. १९९२ मध्ये बर्गेनजवळचे फान्टॉफ्ट येथील लाकडी चर्च जळाले आणि त्यानंतर जाळपोळीच्या घटना होत राहिल्या. बर्झमच्या वर्ग विकर्नेसला १९९४ मध्ये सहकारी संगीतकाराच्या खुनाबद्दल आणि चर्च जाळण्याबद्दल शिक्षा झाली. चर्चविरुद्धचा विद्रोह म्हणून जे सुरू झाले ते त्याच्या लेखनात ख्रिस्तपूर्व पूर्वजांच्या गौरवातून उघड वंशवादापर्यंत पोहोचले. ‘बाहेरून लादलेला धर्म झुगारा, आपल्या मातीतल्या, आपल्या रक्ताच्या देवांकडे चला’ हे सूत्र मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटेल काय? देशीयतेची चर्चा माती आणि रक्त या दोन शब्दांतील अंतर विसरते तेव्हा ती कोणत्या दिशेने घसरते, याचा हा धडा आहे. परकीय म्हणून मेटलला नाकारणाऱ्या पक्षाने तो मुद्दाम वाचावा. त्याला तेथे स्वतःचेच प्रतिबिंब दिसण्याचा संभव आहे.

नॉर्वेतील त्या तरुणांपुढे निदान चर्च ही शतकानुशतके सत्तेशी जोडलेली संस्था होती. मुंबईतील बँड तीच चिन्हे उसनी घेऊन उलटा क्रूस मिरवितो तेव्हा तो कोणत्या सत्तेला आव्हान देतो? या शहरात ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे. पाखंडाची येथील परंपरा निराळी आणि अधिक धारदार आहे. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा; महाड येथे मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी झाले; नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये याच शहराच्या पोटातून आला. ज्या भाषेत एवढे पाखंड घडले त्या भाषेच्या परिसरात राहून पाखंडासाठी स्कँडिनेव्हियाकडे पाहावे लागावे, हे कल्पनाशक्तीचे दारिद्र्य आहे. आणि हे दारिद्र्य त्या मुलांनी एकट्यांनी निर्माण केलेले नाही. ढसाळांची कविता पाठ्यपुस्तकात निर्जंतुक करून शिकविणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे.

दुसरा मार्ग पुराणांचा. २००० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या डेमॉनिक रिसरेक्शन या बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ हा आल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गीत, भाषा इंग्रजी. वादनकौशल्याच्या दृष्टीने हे काम गंभीर आहे आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु येथे ‘दशावतार’ या शब्दाचे जे झाले ते तपासण्याजोगे आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकात पुराणकथा असते. पण तिच्यात पाठ केलेली संहिता नसते, ऐन वेळी सुचलेले संवाद असतात. देवळासमोरच्या मांडावर बसलेला गावकरी आणि रंगलेला राजा यांच्यात थट्टा, ओळख, हक्क असा व्यवहार चालतो. आल्बममध्ये उरते ती केवळ कथा, वीररसात तळलेली. म्हणजे ‘लोक’ गळून पडतात आणि ग्रंथ शिल्लक राहतो. याला लोकतत्त्वाचे पुनरुज्जीवन म्हणावयाचे असेल तर दूरचित्रवाणीवरील पौराणिक मालिकाही लोककलाच ठरतील.

हे काम निराळ्या रीतीने होऊ शकते. तैवानमधील थॉनिक हा बँड एर्हू हे तंतुवाद्य वापरतो, म्हणून त्याला फोकच्या जवळचा मानले जाते. त्याचे महत्त्व मात्र एर्हूमुळे नाही. त्याने २००९ च्या ‘मिरर ऑफ रेट्रिब्यूशन’मध्ये १९४७च्या तैवानी दडपशाहीचा, म्हणजे आपल्याच बेटावरील दडविलेल्या इतिहासाचा विषय घेतला. स्थानिकता वाद्याने येत नाही. जे घडले त्याचे नाव घेण्याने येते.

५

मग परळमध्ये काय घडले? येथेच मेटलचा स्वतःचा इतिहास आणि गिरणगावचा इतिहास एकमेकांना भेटतात, आणि दोन्ही पक्षांची नजर नेमकी येथून हटते. हेवी मेटल हे कारखान्याच्या शहरात जन्मलेले संगीत आहे. ब्लॅक सबाथ हा बँड बर्मिंगहॅममधील ॲस्टन या कामगार वस्तीतला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामावर होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणे केली, त्यांवर चामडे लावले, तारा हलक्या घेतल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली उतरविला. पुढच्या अर्धशतकातील मेटलचा जड, खालचा आवाज पुष्कळ अंशी त्या कापलेल्या बोटांतून आलेला आहे. बोटे गमावण्याचा अर्थ साचेखात्यात उमेदवारी केलेल्या माणसाला कोणी समजावून सांगावा लागला नसता. ज्या संगीताला ‘परकीय’ म्हणावयाचे, त्याच्या मुळाशी गिरणी कामगाराला सर्वांत ओळखीची असलेली जखम आहे.

ज्या १९८२ साली न्यूकॅसलमध्ये ‘ब्लॅक मेटल’ हे नाव निघाले त्याच वर्षी १८ जानेवारीला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही आणि तसा सुचविण्याचा हेतूही नाही. पण त्यापुढचा क्रम कार्यकारणाचा आहे. संप मोडला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट खुली केली. २००१च्या दुरुस्तीने सार्वजनिक वापरासाठी सोडावयाचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. गिरण्यांच्या आवारांत कचेऱ्या, उपाहारगृहे आणि संगीताची ठिकाणे आली. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग सुरू झाले आणि २०१६ मध्ये बंद झाले. कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत चौदा माणसे मेली. कारखान्यात जन्मलेले संगीत अखेर कारखान्यात पोहोचले. पण ते पोहोचले तेव्हा कारखाना बंद होता आणि दारात तिकीट होते.

याच टापूत आवाजाच्या जागा एकामागून एक कशा गेल्या हेही पाहावे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचा आवाज गिरणगावच्या मैदानांतून आणि गल्ल्यांतून घुमला. ज्या कामगारवर्गावर तो उभा होता तो वर्गच विखुरला. गिरणी कामगारांनी जगविलेले हनुमान थिएटर हे तमाशाचे घर गेले. सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२चे. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची नमने, शक्ती-तुरे, हौशी नाटके तेथे झाली. ते २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा आणि ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हे खुल्या आकाशाखालचे कार्यक्रम होत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर शांतता क्षेत्राच्या कक्षेत आल्यामुळे तेही थांबले. शाहीर, नमनवाले आणि मेटल वाजविणारी मुले यांना एकमेकांचे कार्यक्रम आवडतील असे मुळीच नाही. पण या शहरात मोठ्याने आवाज करण्याची स्वस्त जागा तिघांचीही गेली. ‘देशी’ आणि ‘परकीय’ या कप्प्यांत त्यांना वाटून टाकणारी समीक्षा ही सामाईक हानी दिसू देत नाही. जमीन विकणाऱ्याला याहून सोयीची समीक्षा मिळणार नाही.

नारायण सुर्वे यांच्या कवितेने आणि जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ने गिरणगावाला मराठी साहित्यात स्थान दिले. त्यांच्यानंतरच्या पिढीतील काही मुले, कदाचित त्याच चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतून किंवा त्यांच्या मागे उरलेल्या खोल्यांतून, आज मेटल ऐकतात. ती इंग्रजीत किंचाळतात याबद्दल त्यांना दोष देण्याआधी मराठीत किंचाळण्याची सोय कोणी ठेवली होती, हे विचारले पाहिजे. आपली नियतकालिके कवितेतल्या आक्रोशाला पारितोषिके देतात आणि शेजारच्या आवारातून तोच आक्रोश आला की खिडकी लावून घेतात.

अर्थात मेटलकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मागितलेच पाहिजे. ज्या जमिनीवर बँड उभा आहे त्या जमिनीचा संप त्याच्या गीतात का नाही? विध्वंसाच्या, प्रलयाच्या, शेवटल्या युद्धाच्या एवढ्या कल्पना करणाऱ्याला पायाखालचा विध्वंस का दिसत नाही? ढोल आणि सतार घेण्याऐवजी त्याने साचेखात्याची लय का घेऊ नये? या प्रश्नांना उत्तरे मिळाली नाहीत तर हे संगीत गिरणीच्या आवारातील भाडेकरू ठरेल. पण हे प्रश्न विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्यालाच आहे. न ऐकता दिलेल्या निकालाला समीक्षा म्हणत नाहीत, मग तो निकाल शिव्यांचा असो की कौतुकाचा.

म्हणून ‘लोक’ या शब्दावर हक्क सांगणाऱ्या समीक्षकाने एकदा लोअर परळच्या अशा एखाद्या संध्याकाळी जावे. कानात कापसाचे बोळे घालावेत. त्यात कमीपणा नाही, नेहमीचे श्रोतेही तसे करतात. शब्द कळले नाहीत तरी शेवटपर्यंत उभे राहावे. आणि परतताना फाटकापाशी क्षणभर थांबून, पाटी अजून शिल्लक असेल तर, तिच्यावरील गिरणीचे नाव वाचावे.